‘टँकर रिकामा होता’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

एक टँकर एकट्या मोटारचालकाचा जीवघेणा पाठलाग करतो अशी कथा असलेल्या ‘ड्युएल’ या चित्रपटातील चुकांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांसाठी तिचा आशय आधी सांगतो. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्गने वयाच्या चोविसाव्या वर्षी दोन आठवड्यांच्या आत चित्रित केलेल्या कामात चुका काढणे हा कोतेपणा आहे, असे आपले म्हणणे आहे. मोटारीच्या मागच्या आसनावर दिग्दर्शक दिसतो हे माझे विधान आपल्याला खोटे वाटते. टँकर सुसाट धावतो आणि शेवटी त्याचा स्फोट होत नाही या मी दाखवलेल्या चुका नाहीत, कारण तो रिकामा होता, असा आपला खुलासा आहे. आणि शेवटी आपण लिहिता, ‘ज्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, त्यांनी सोलापुरात बसून ट्रकवर प्रवचने देऊ नयेत.’

हे शेवटचे वाक्य मला लागले, हे लपवत नाही. आपण मला ओळखत नाही, माझ्या घरी कधी आला नाहीत, तरी माझ्या हाताने काय केले आणि काय केले नाही हे आपण परस्पर ठरवून टाकलेत. माझे वडील ट्रक चालवत. चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे घेऊन ते सोलापुरातून हैदराबादला आणि पुण्याला जात, आणि शाळेला सुट्टी लागली की मी क्लीनरच्या जागेवर असे. भरलेली गाडी तुळजापूरच्या घाटात कोणत्या वळणाआधी खालच्या गिअरमध्ये घ्यायची, इंजिन तापू लागले की रेडिएटरकडे कधी बघायचे आणि त्याचे झाकण लगेच का उघडायचे नाही, चाकामागे दगड लावायला केबिनमधून केव्हा उतरायचे, हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो. पुढे गाडी मीही चालवली. चित्रपटावरचा माझा लेख आपल्याला पटला नसेल, तर तसे लिहिण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे; पण माझ्या वडिलांच्या धंद्याशी माझा संबंध नाही असे सुचवण्याचा नाही, आणि सोलापूरचे नाव त्यात हिणवण्यासाठी आणण्याचा तर मुळीच नाही. ज्या गावातून हैदराबाद, पुणे आणि विजयपूरच्या रस्त्यांवर रात्रंदिवस अवजड वाहने जातात, तिथल्या माणसाने ट्रकवर लिहायचे नाही, तर कोणी लिहायचे?

आता टँकरकडे वळतो, कारण आपल्या साऱ्या बचावाचा भार त्याच्या रिकामेपणावर आहे. लांब चढावर हा टँकर मागे पडतो, हे चित्रपटच दाखवतो. नायकाची सारी भिस्त त्या चढावर असते, आणि रेडिएटरचा पाइप फुटून गाडी तापली नसती तर तो निसटलाही असता. चढावर इतका रेंगाळणारा टँकर जड असला पाहिजे. मग हाच टँकर त्याआधी जीव तोडून पळणाऱ्या मोटारीला गाठून मागून धक्के कसा देतो? जड गाडी उतारावर वेग घेते हे मला मान्य आहे, पण तो वेग घेऊन ती वळणेही मोटारीच्या बरोबरीने घेईल, हे घाटात गाडी चालवलेला माणूस मान्य करणार नाही.

बरे, आपल्या समाधानासाठी टँकर रिकामा धरू. त्याच्यावर ज्वलनशील असा इशारा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. आत आधी पेट्रोल असेल, तर टाकी रिकामी केल्यावरही तिच्यात बाष्प उरते, आणि हवेत ते साधारण १.४ ते ७.६ टक्के असताना ठिणगीने स्फोट होऊ शकतो. भरलेल्या टाकीत द्रवाच्या वर हवेला जागा थोडी असते. रिकाम्या, न धुतलेल्या टाकीत ती भरपूर असते, म्हणून वेल्डिंग करणारे कारागीर अशा टाकीला ती धुतल्याशिवाय हात लावत नाहीत. शेवटच्या प्रसंगात तर मोटार पेटलेली असते आणि टँकर तिला घेऊनच कड्यावरून खाली जातो. म्हणजे टँकर रिकामा मानला तर वेगाचा प्रश्न थोडा हलका होतो, पण स्फोट न होण्याचा प्रश्न अधिक अवघड होतो. स्फोट नको, हा दिग्दर्शकाचा निर्णय होता आणि कलेच्या दृष्टीने तो मला उत्तम वाटतो. पण तो निर्णय योग्य ठरवण्यासाठी टाकी रिकामी करण्याचे कारण नाही.

मागच्या आसनाबद्दल थोडक्यात सांगतो. १३ नोव्हेंबर १९७१ रोजी दूरचित्रवाणीवर दाखवलेली आवृत्ती ७४ मिनिटांची होती. चित्रपटगृहांसाठी शाळेच्या बसचा आणि रेल्वे फाटकाचा असे प्रसंग जोडून ती ९० मिनिटांची केली गेली आणि चित्राच्या चौकटीचा आकारही बदलला. त्या बदललेल्या चौकटीत दिग्दर्शक दिसतो. तुम्ही कोणती आवृत्ती पाहिलीत, ते आधी तपासा आणि मग ‘खोटे’ म्हणा.

एक गोष्ट मान्य करतो. टेलिफोन बूथच्या काचेतील दिग्दर्शकाच्या प्रतिबिंबाला मी ‘गंभीर’ चूक म्हटले होते. सहज पाहणाऱ्याला ते जाणवत नाही, म्हणून तेवढे विशेषण लेखातून काढले आहे. वय आणि अपुरा वेळ यांची सबब मात्र मी विचारात घेत नाही, कारण चूक कशामुळे झाली हा माझ्या लेखाचा विषय नव्हता.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. टँकरवरचा परिच्छेदही आहे तसाच राहील.