लोकलगाडी म्हणे बाळाच्या कानात!

परवा भाचीनं अ‍ॅनॉमली स्कॅनची, म्हणजे पोटातल्या बाळात काही व्यंग नाही ना ते बघणाऱ्या सोनोग्राफीची, वेळ रद्द केली. एकोणिसावा आठवडा चालू आहे तिचा. कारण काय, तर घरच्या ग्रुपवर माझ्या मामांनी ढकललेला मेसेज: "सोनोग्राफी म्हणजे एक्स-रेचाच भाऊ. बाळाच्या कानात १०० डेसिबल, म्हणजे लोकल फलाटावर शिरते तेवढा आवाज. बाळ आतून शिजतं. जेल विषारी. प्रत्येक आईपर्यंत पोचवा." पोचवला. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, म्हणून ताईचा रडका फोन मला.

एक्स-रेचं लवकर उरकतो. ते अणूतले इलेक्ट्रॉन उडवणारे किरण. सोनोग्राफी हा आवाज, टाळीसारखाच, फक्त फार वरच्या पट्टीतला. भाऊ सोडा, लांबची सोयरीकही नाही.

आता ती लोकल. पोटावरून तपासताना साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा आवाज वापरतात आणि माणसाचा कान २० किलोहर्ट्झलाच हात टेकतो. म्हणजे ऐकूच येणार नाही, विषय संपला, असं सांगून मी फोन ठेवणार होतो. पण या मुद्द्यात कणभर खरं आहे, आणि त्याचाच जास्त राग येतो.

मशीन सतत वाजत नसतं. दरीच्या कडेला उभं राहून हाक मारायची आणि गप्प बसून ऐकायचं, तसं त्याचं चालतं. पोटावर फिरवतात तो प्रोब दोन-तीन कंपनांचा एक ठोका सोडतो, जेमतेम १ मायक्रोसेकंदाचा. शरीरात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो, तेव्हा १५ सेंटिमीटर खोल जाऊन परतायला त्याला जवळपास २०० मायक्रोसेकंद लागतात. तेवढा वेळ तोच प्रोब कान होऊन बसतो. घाई करून पुढचा ठोका सोडला तर कुठला प्रतिध्वनी कुठल्या हाकेचा, काही कळायचं नाही. म्हणून या खोलीला सेकंदाला फार तर ५००० ठोके. करा गुणाकार: सेकंदातले ५ मिलिसेकंद बोलणं, उरलेलं सगळं ऐकणं. दहा मिनिटांच्या तपासणीत मशीन आवाज करतं ते ३ सेकंद.

आता ते कणभर खरं. प्रत्येक ठोका वाटेतल्या पेशींना किंचित ढकलतो. सेकंदाला असे हजारो धक्के बसले की धक्क्यांची लय मात्र ऐकू येण्याच्या पट्टीत येते. २००१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये मुस्तफा फातेमी आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयात इवलासा हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात चालणारा माइक, ठेवून हा नाद टिपला. बातम्यांत १०० डेसिबल आणि भुयारी रेल्वे आली, आणि आमच्या ग्रुपपर्यंत येताना तिची दादर फास्ट झाली. बातमीतलं बाकीचं वाटेत गळालं: आवाजाची शलाका रोखलेली असते तेवढ्याच जागी हा नाद असतो, प्रोब सरकला की तिथला नाद गेला. थेट कानावर रोख धरू नये, एवढीच खबरदारी. शिवाय पाण्यातले आणि हवेतले डेसिबल वेगळ्या पायावर मोजतात, हे मामांना कोण सांगणार.

शिजण्याचं उत्तर त्या ३ सेकंदांतच आहे, तेही शलाका पोटभर फिरत असताना. स्क्रीनच्या कोपऱ्यात टीआय (थर्मल इंडेक्स) म्हणून बारीक आकडा असतो, तो तापण्याचाच अंदाज. भाचीच्या पहिल्या स्कॅनच्या प्रिंटवर तो अवघा ०.३ आहे, भिंग लावून पाहिला. जेल? विष नव्हे ते; ते नसेल तर प्रोब आणि कातडीमधल्या हवेवरूनच जवळजवळ सगळा आवाज माघारी येईल.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी २००९ मध्ये ४१ अभ्यास एकत्र तपासले गेले. आईला, बाळाला, वाढीला, बुद्धीला अपाय दिसला नाही. एक गोष्ट निघाली: मुलग्यांमध्ये डावखुरेपणाशी पुसटसा संबंध. मान्य. मामा स्वतः डावखुरे आहेत, जन्म १९५२ चा, आणि गर्भाच्या सोनोग्राफीवरचा पहिला गाजलेला लेख १९५८ चा.

हेही कबूल, की रक्ताचा प्रवाह बघणाऱ्या डॉप्लर तपासणीत शक्ती एकाच जागी जास्त जाते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत ती गरजेशिवाय करत नाहीत. हौसेखातर तासभर बाळाचा चेहरा बघत बसणंही नको. पण हे स्कॅन हौसेचं नाही. हृदयाचे कप्पे, मणके, मूत्रपिंडं बघायला हेच आठवडे असतात.

नवी वेळ गुरुवारची, सकाळी साडेदहा. ताईला म्हटलं, मामांना सोबत न्या, स्क्रीनसमोर बसवा.