पोहे, पाणी आणि तलवार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चांगली सणसणीत आहे. खालच्या चौकटीत उत्तर मावणार नाही, म्हणून स्वतंत्र पोस्ट टाकतोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शहरात दंगल पेटली, संचारबंदी लागली आणि पोलीस पुरे पडेनासे झाले, तर साध्या कुटुंबाने काय तयारी ठेवावी, असा तो लेख होता. पाणी, शिधा, औषधं, रोख पैसे, कागदावर लिहिलेले फोन नंबर आणि आजूबाजूच्यांशी ओळख, एवढाच त्याचा मामला. त्यावर तुम्ही म्हणता की हे भाबडं आहे. जमाव दारात आला की पोह्यांच्या डब्याने थांबत नाही. घरात तलवार हवी, जमल्यास परवान्याची बंदूक हवी, गच्चीवर दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या हव्यात. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानेच दिलाय. दिल्लीच्या शिखांनी १९८४ साली शस्त्रं नीट वापरली असती तर ते वाचले असते. मोहल्ला कमिट्या वगैरे 'एनजीओछाप' गप्पा. आणि शेवटी, ब्याण्णव-त्र्याण्णव मी पाहिलं तरी होतं का?

पाहिलं होतं. पण माझ्या आठवणींपेक्षा भक्कम कागद हाताशी आहे, आधी तो घेऊ. मुंबईतल्या त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मिळून मुंबईत ९०० माणसं मेली. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ४५ जणांची ओळखच पटली नाही. हे आकडे वादात तोंडावर फेकायला बऱ्याच जणांना पाठ असतात. त्याच अहवालात ही माणसं कशाने मेली याचाही हिशेब आहे, तो मात्र फारसं कुणी वाचत नाही. पोलिसांच्या गोळीबारात ३५६. भोसकून ३४७. जाळपोळीत ९१. जमावाच्या हल्ल्यात ८०. खासगी गोळीबारात २२. इतर कारणांनी ४.

नऊशेपैकी ७०३ माणसं गोळीबाराने आणि भोसकाभोसकीने गेली. या दोन्ही गोष्टी मुख्यतः रस्त्यावर होतात. गोळी दंगलखोराला लागते, तशीच नाक्यावर काय चाललंय ते बघायला खाली उतरलेल्यालाही लागते. सुरा बसतो तो एकट्यादुकट्याला. पाळी संपवून पायी घरी निघालेला, दुधाला गेलेला, स्टेशनातून बाहेर पडून नेहमीच्या सवयीने आतल्या बोळातून जाणारा. त्याच्याकडे तलवार असती तर काय झालं असतं? मागून आलेला वार तिने अडला नसता, आणि पोलिसांच्या गाडीसमोर ती हातात दिसली असती तर पुढचं सांगायला नको.

म्हणून लेखात पोहे होते. संचारबंदीत माणूस घराबाहेर का पडतो याचा विचार करा. दूध संपलं, आईची रक्तदाबाची गोळी संपली, इन्सुलिन संपलं, नळाला पाणी नाही. आणि हसू नका, तंबाखू संपली. तंबाखूसाठी संचारबंदी मोडणारे मी पाहिलेत. आठवडाभर दार न उघडता घर चाललं पाहिजे, हे माझ्या यादीमागचं गणित होतं. औषधं निदान पंधरा दिवसांची हवीत, कारण दुकानं उघडली तरी माल लगेच येत नाही. पाण्याचं तर लोकांच्या लक्षातच येत नाही. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी आपोआप चढत नाही, खालच्या टाकीतून पंपाने चढवावं लागतं. वीज गेली की दुसऱ्या दिवशी सातवा मजला बादल्या घेऊन खाली. रोख पैशांचंही तेच. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटलं तेव्हा मोबाइल इंटरनेट बंद झालं ते कित्येक महिने. खात्यात लाख असले तरी क्यूआर कोडला कोण विचारतो? शंभर-पन्नासच्या नोटा जवळ हव्यात.

आता जाळपोळीतले ९१ आणि जमावाच्या हल्ल्यातले ८०. तुमच्या डोळ्यांसमोर हीच माणसं आहेत आणि हा प्रश्न खरा आहे. पण दोनशे माणसं रॉकेल घेऊन आली आहेत, जिना लाकडी आहे आणि वरच्या पायरीवर तुम्ही तलवार घेऊन उभे आहात, हे चित्र पुढे नेऊन बघा. अशा वस्त्यांतली जी माणसं वाचली त्यांतली बरीचशी वेळेत निघून गेली होती, नाहीतर कुणीतरी त्यांना आत घेऊन कडी लावली होती. जानेवारी १९९३ मध्ये मुंबईतून गावाकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. पळपुटेपणा म्हणा हवं तर. कधी निघायचं, कुठे जायचं, कोणाच्या दारावर मध्यरात्री थाप मारता येईल, हे आधी ठरलेलं असणं हीच माझ्या लेखी मुख्य तयारी.

धोक्याची चाहूलही लागते. तेव्हा कित्येक इमारतींच्या तळमजल्यावरच्या फलकांवरून मुसलमान रहिवाशांची नावं उतरली. कुठे त्यांनी स्वतः काढली, कुठे शेजाऱ्यांनी काळजीपोटी. दिल्लीत १९८४ साली जमाव मतदारयाद्या आणि रेशनच्या याद्या घेऊन फिरत होते. त्या दिल्लीचा दाखला तुम्हीच दिलात, तर त्रिलोकपुरी आठवा. तिथल्या शिखांनी प्रतिकार सुरू केला होता. पोलिसांनी येऊन त्यांचीच शस्त्रं काढून घेतली, त्यांना घरात जायला सांगितलं, आणि मग कत्तल झाली. यंत्रणाच बाजूला झाली किंवा दुसऱ्या बाजूला गेली, तर परवान्याची बंदूकही तिच्याच ताब्यात जाते. मुंबईच्या पोलिसांत मुसलमानांविषयी पूर्वग्रह होता, असं श्रीकृष्ण आयोगाने स्पष्ट लिहिलंय. तेव्हा पोलिसांचा ११२ नंबर लावा, हा सल्लाही सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, हे तुमच्या-माझ्यासारख्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

आता माझी आठवण, तुम्ही विचारलीत म्हणून. त्या जानेवारीत आमच्या वसाहतीत रात्रीची गस्त सुरू झाली. शस्त्रांनी भरलेल्या बोटी किनाऱ्याला लागल्यात, पलीकडच्या वस्तीतून टेम्पो निघालेत, अशी रोज नवी बातमी. पोरांच्या हातात क्रिकेटच्या स्टंपा, हॉकी स्टिक, एकाकडे आजोबांची गुप्ती. कुठे थाळी वाजली की सगळे तिकडे धावायचे. एके पहाटे अंधारात बिनदिव्याची सायकल आत शिरली. हँडलला दोन्हीकडे पिशव्या, मागे पत्र्याची पेटी. पोरांनी घेरलं. पेटीत काय आहे, नाव काय, कुठून आलास, सगळे एकदम ओरडायला लागले. तो घाबरून पेटीचं झाकण उघडायला वळला, तेवढ्यात एकाने स्टंप उगारली. तळमजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून आवाज दिला, "अरे मेल्यांनो, पाववाला आहे तो! माझ्याकडे अठरा रुपये बाकी आहेत त्याचे, हात लावाल तर याद राखा!" स्टंप खाली आली. पेटीत पाव होते.

त्या पोरांपैकी एकालाही त्याला मारायचं नव्हतं. आज त्यांतले काही आजोबा झालेत, एक जण वारकरी आहे. पण चार रात्रींचं जागरण, ताजी अफवा आणि हातात काहीतरी, एवढ्यावर काय होऊ शकतं ते मी तिथे पाहिलं. आणि पाववाला वाचला तो उधारीमुळे. त्याला ओळखणारं एक माणूस त्या वेळी जागं होतं म्हणून.

हे तुम्हाला किरकोळ वाटत असेल तर दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण घ्या, तिथे तुमची योजना तंतोतंत अमलात आली होती. डर्बनजवळ फीनिक्स नावाची वस्ती आहे. वर्णद्वेषी राजवटीने भारतीय वंशाच्या लोकांसाठी ती वसवली. गांधीजींचा १९०४ चा आश्रम जवळच आहे. जुलै २०२१ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष झुमा यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात टाकलं, आणि क्वाझुलु-नाताल व गाउटेंग या प्रांतांत लुटालूट सुरू झाली. मॉल, गोदामं, दुकानं साफ झाली. पोलीस कित्येक ठिकाणी फिरकलेच नाहीत, शेवटी लष्कर आणावं लागलं. साडेतीनशेच्या वर माणसं मेली. फीनिक्सच्या लोकांनी रस्त्यांवर अडथळे टाकले आणि बंदुका बाहेर काढल्या. त्यांची भीती खोटी नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. पण मोठा जमाव चाल करून येईल म्हणून उभारलेल्या नाक्यांवर प्रत्यक्षात सापडले ते जाणारे-येणारे. एकट्या फीनिक्समध्ये ३६ जण मारले गेले, बहुतेक कृष्णवर्णीय. लुटारू कोण आणि घरी निघालेला कोण, हे नाक्यावरचा माणूस कातडीच्या रंगावरून ठरवत होता. पुढे खुनाचे खटले उभे राहिले. शेजारपाजारच्या वस्त्यांशी पिढ्यान्‌पिढ्या राहायचंय तिथे ही जखम बसली ती वेगळीच.

त्याच आठवड्यात जोहान्सबर्गच्या सोवेटो भागातला मापोन्या मॉल स्थानिक लोकांनी राखला. तेव्हा 'लोकांनी स्वतःचं रक्षण करूच नये' असं माझं म्हणणं नाही. रात्री पहारा ठेवा, दिवे लावा, फाटक बंद करा. पहाऱ्यावर तीच माणसं ठेवा जी येणाऱ्याजाणाऱ्यांना नावाने ओळखतात. अंगात आलेल्या पोरांना झोपायला पाठवा.

कायद्याबद्दल तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि बराच रुंद आहे. जुन्या दंडसंहितेची ९६ ते १०६ ही कलमं आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली. शेवटच्या कलमाचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे: जिवावर उठलेल्या जमावावर गोळी झाडल्याशिवाय सुटका नाही आणि जमावात लहान मुलं आहेत, अशा वेळी मुलाला इजा झाली तरी गुन्हा नाही. पण ३७ वं कलमही वाचा. पोलिसांकडे जायला वेळ होता तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायचा तर कधीच नाही. गच्चीवर महिनाभर आधी बाटल्या रचून ठेवणाऱ्याने 'वेळ नव्हता' म्हणून कोर्टात सांगायचं तरी कसं? त्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ (योगायोगाने तेही सदतीसच). पेपरात कोपऱ्यात येतो तो मनाई आदेश, ३७(१)(३), त्याखालचा. तो लागू असताना तलवार, काठी बाळगून फिरणं तर सोडाच, दगड गोळा करणंही गुन्हा. सण, निवडणूक, मोर्चा, काही असलं की तो निघतोच.

राहिल्या मोहल्ला कमिट्या. नाव ऐकून तुम्हाला खादीचा झब्बा आणि चहा-बिस्किटं आठवत असतील. भिवंडी बघा. १९७० ला दंगल, १९८४ ला दंगल, यंत्रमागांचं दाटीवाटीचं गाव, ठिणगी पडायचा अवकाश. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत कमिट्या बसवल्या. दोन्ही समाजांची सामान्य माणसं आणि त्या भागातला पोलीस एकत्र बसणार, नियमित. गावातल्या बड्या पुढाऱ्यांची शांतता समिती असतेच, पण ती दंगल झाल्यावर फोटोपुरती जमते. इथे कुरबुर लहान असतानाच निपटली जायची, आणि अफवा आली की खरं-खोटं विचारायला पलीकडे ओळखीचा माणूस होता. डिसेंबर १९९२ मध्ये हाकेच्या अंतरावर मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दंगलींसाठी बदनाम झालेली भिवंडी!

तुम्ही लगेच २००६ काढाल, म्हणून मीच काढतो. कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून त्या वर्षी जुलैमध्ये तिथे भडका उडाला, पोलिसांच्या गोळीबारात दोघं मेले आणि दोन पोलिसांना ठार मारलं गेलं. तोवर त्या कमिट्या पहिल्यासारख्या राहिल्या नव्हत्या. ओळख ही वापरात ठेवावी लागते. तुमच्या तलवारीलाही तेल लावावंच लागेल ना, अठरा वर्षं कपाटात पडून राहिली तर गंजेल.

सोसायटीने शस्त्रधारी सुरक्षारक्षक ठेवावेत का, असंही तुम्ही विचारलंत. माझं मत, ठेवू नयेत. पाच-दहा हजार लोकांच्या गडबडीत एक बंदूकवाला काय करणार, आणि त्याचं घर त्याच वेळी दुसऱ्या टोकाला धोक्यात असेल तर तो ड्युटीवर येईल तरी कशाला? तोच पैसा पंप आणि जिन्यातले दिवे चालतील एवढ्या जनरेटरवर घाला. डिझेल साठवण्याचे नियम आहेत, ते अग्निशमन दलाकडून समजून घ्या. आजारी, अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे म्हातारे कोणत्या मजल्यावर आहेत आणि कोणाला कोणतं औषध लागतं, याची एक वही करून तीन घरांत ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, तिथून ती कुठेही जाते. मागच्या वस्तीतून तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांचे, इस्त्रीवाल्याचे, दूधवाल्याचे नंबर कागदावर घ्या. तिकडे काय चाललंय हे त्यांना तुमच्या कुठल्याही न्यूज चॅनलच्या आधी कळतं.

तलवार घ्यायचीच असेल तर तुम्ही घ्याल, मी कोण अडवणार. पण तुमच्या इमारतीत वीज गेल्यावर पंप चालतो का, तेवढं कळवा. माझा अंदाज आहे की नाही चालत.