महोदय, बटण कुठे गेलं?

सोशल मीडियाच्या साइटवाले डिझाइन बदलतात ते नेमकं सणाच्या तोंडावरच का बदलतात हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यांच्या ऑफिसात गणपती बसत नसणार, मान्य, पण आमच्याकडे गणपतीला आठवडा राहिलेला, वर्गणीदारांची यादी टाकायची, आरतीच्या वेळा टाकायच्या, चाळीतल्या पोरांच्या चित्रकला स्पर्धेचे फोटो टाकायचे, असं सगळं डोक्यावर असताना एका सकाळी साइट उघडली तर वरती निळा पट्टा, 'नवीन रूप, नवा अनुभव!', आणि त्याच्या खाली ओळखीचं असं काहीही नाही.

हे सगळं माझ्या डोक्यावर नव्हतं, काकांच्या होतं. काका गिरगावात राहतात, बेस्टमधून रिटायर झाले, चाळीच्या मंडळाचे वर्षानुवर्षं सेक्रेटरी होते आणि आता मंडळाच्या पेजचे ॲडमिन आहेत. मी लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. म्हणजे माझं काम जीएसटीचे रिटर्न भरण्याचं, पण कधीतरी एका लग्नाच्या गडबडीत कोणाचा तरी प्रिंटर मी चालू करून दिला होता (प्लग सैल झाला होता, बाकी काही नाही) तेव्हापासून आमच्या अख्ख्या घराण्याचं आयटी खातं माझ्याकडे आहे आणि ते काढून घ्यायला कोणी तयार नाही.

तर फोन आला तेव्हा मी मुलुंडहून निघालेल्या फास्टमध्ये, लेडीज डब्यात, एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात फोन अशी लटकले होते.

"अगं, तो डावीकडचा सगळा गेला."

"काय गेला काका?"

"तो गं, उभा. ज्यात आपलं पेज, ग्रुप, वाढदिवस सगळं असायचं. गेला तो."

"मग आता डावीकडे काय दिसतंय?"

"भिंत."

आता ह्याच्यावर काय बोलणार. मी म्हटलं रिफ्रेश करा. त्यांनी केलं, भिंत तशीच. मग मी जरा वरच्या इयत्तेतला उपाय काढला, म्हटलं कंट्रोल आणि एफ फाइव्ह एकदम दाबा, कारण होतं काय की आपला ब्राउझर साइटच्या जुन्या फायली जपून ठेवतो, परत परत डाउनलोड नको म्हणून, आणि डिझाइन बदललं की कधीकधी पान नवीन येतं पण त्याची रंगरंगोटी जुन्या फायलींतून होते, मग अक्षरांवर अक्षरं चढतात आणि बटणं गायब होतात. कंट्रोल एफ फाइव्ह केलं की सगळं नव्याने मागवलं जातं. हे सगळं मी विक्रोळी ते कुर्ला समजावलं. शेजारची बाई कानातले हेडफोन काढून ऐकायला लागली.

"दाबलं," काका म्हणाले. "अंधार झाला."

काकांचा लॅपटॉप म्हणजे माझ्या चुलतभावाचा जुना लॅपटॉप, त्याच्यावर एफ फाइव्ह दाबलं की स्क्रीनचा उजेड कमी होतो आणि खरं एफ फाइव्ह पाहिजे असेल तर अजून एक एफएन नावाचं बटण दाबावं लागतं. म्हणजे तीन बटणं एकदम. आणि काकांच्या दुसऱ्या हातात अर्थातच माझा फोन.

त्यात आई. संध्याकाळी घरी आले तर ती सोफ्यावर आरामात मोबाईल घेऊन, "माझं तर जुनंच आहे बाई, काही झालेलं नाही, भावोजींनीच काहीतरी दाबलं असणार." ह्या मोठ्या साइट्स नवीन रूप सगळ्यांना एकाच दिवशी देतच नाहीत, आधी थोड्या लोकांना देतात, काही बोंब झाली नाही की अजून थोड्यांना, असं टप्प्याटप्प्याने, आणि तुमचा नंबर कधी हे तुम्हाला कोणी सांगत नाही. हे काकांना सांगितलं तर त्यांनी वेगळाच अर्थ काढला. "मी मागच्या वर्षी त्यांना तक्रार केलेली ना, ती लक्षात ठेवलीये त्यांनी." दोन दिवसांनी आईचाही नंबर लागला आणि तिच्या मोबाईलवर नव्या रूपासोबत डार्क मोडही चालू झाला. "सगळं काळं झालंय गं, कोणी गेलं का?" मला वाटलं होतं ती गंमत करतेय. ती खरंच विचारत होती.

शेवटी शनिवारी मी स्वतःच गिरगावला गेले. मुलुंडहून चर्नी रोडला जायचं म्हणजे दादरला उतरून वेस्टर्न पकडायची, आणि दादरचा पूल चढताना मला काकांबद्दल एकदम माया आली. कारण २०२३ च्या डिसेंबरात ह्याच स्टेशनचं रिडिझाइन झालेलं. वेस्टर्नचे प्लॅटफॉर्म एक ते सात तसेच राहिले आणि सेंट्रलचे आठपासून चौदापर्यंत झाले, म्हणजे आमचा सेंट्रलचा एक नंबर रातोरात आठ नंबर. माझे पाय अजूनही आधी जुन्या सवयीने वळतात आणि मग डोकं बोर्ड वाचतं. पण रेल्वेने निदान बोर्ड लावले, अनाउन्समेंट केल्या, पेपरात दिलं. साइटवाल्यांनी काय दिलं, तर निळा पट्टा, आणि त्याच्यावर फुली मारली की तोही गेला.

काकांच्या खोलीत लॅपटॉप टीपॉयवर, खाली प्लास्टिकचं फुलाफुलांचं कव्हर, बाजूला वर्गणीची पावती पुस्तकं. बघितलं तर खरंच भिंत होती. मधे एक पोस्ट, कोणाच्या तरी गोव्याच्या फोटोची, एवढी मोठी की त्यात माणूस कमरेपर्यंतच मावला होता, आणि दोन्ही बाजूला पांढरं.

मी म्हटलं आधी इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, उघडून बघू. त्या खिडकीत जुन्या फायली नसतात, जाहिराती अडवणाऱ्या ॲड ब्लॉकरसारखी ब्राउझरला लावलेली जोडकामं सहसा बंद असतात, तिथे साइट नीट दिसली तर दोष आपल्या ब्राउझरच्या साठ्यात. काकांनी ती टोपी आणि चष्म्याची खूण बघितली आणि दार लोटून घेतलं. "हे कायदेशीर आहे ना?"

कायदेशीर होतं, पण तिथे नव्याने लॉगिन करावं लागतं. पासवर्ड काकांच्या डायरीत, तो मिळाला. मग ओटीपी. ओटीपी काकूच्या मोबाईलवर जातो, कारण अकाउंट काढलं तेव्हा काकांकडे फोनच नव्हता. काकू शेजारच्यांकडे मोदकाच्या पिठीची उस्तवार करायला गेलेली. काकांनी गॅलरीत जाऊन हाक मारली, आणि तिकडून काकूने, पिठाच्या हातांनी फोन धरून, एकेक आकडा ओरडून सांगितला. मी आतून ओरडतेय की काकू, ओटीपी असा सांगायचा नसतो गं, आणि खालच्या मजल्यावरून एक बाई म्हणतायत, "शेवटचा नऊ आहे हो, सहा नाही, त्या नऊ म्हणाल्या." त्या बरोबर होत्या.

लॉगिन झालं. इन्कॉग्निटोमध्येही भिंतच.

इथे मला खरं तर बरं वाटलं, कारण ह्याचा अर्थ जुन्या फायली नाहीत आणि ॲड ब्लॉकरही नाही, म्हणजे संशयित कमी झाले. मी नुसतीच स्क्रीनकडे बघत बसले आणि मग वरती, पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला, एक छोटंसं भिंग दिसलं. त्याच्यावर क्लिक केलं तर १७५ टक्के.

काकांना बारीक दिसत नाही. म्हणून त्यांनी कधीतरी झूम वाढवून ठेवलेला, आणि जुन्या डिझाइनला त्याचं काही नव्हतं, ते बिचारं सगळंच मोठं करून दाखवायचं, बाजूला सरकवून बघायला लागायचं एवढंच. नवीन डिझाइन शहाणं. ते आधी बघतं की आपल्याला जागा किती आहे. झूम वाढवला की त्याच्या हिशेबाने स्क्रीन अरुंद होते, मग त्याला वाटतं हा लॅपटॉप नाही, हा कोणाचा तरी टॅब्लेट आहे, आणि ते इकडची तिकडची सगळी बटणं गोळा करून एका कोपऱ्यात तीन रेघांमध्ये कोंबून टाकतं. मी झूम १०० वर आणला आणि डावीकडचा उभा पट्टा टुपकन हजर! काका खुर्चीतून उठलेच. पेज, ग्रुप, वाढदिवस, सगळं जागच्या जागी.

"आता वाच काय लिहिलंय ते," काका म्हणाले.

"तुम्ही वाचा ना."

"मला कुठे दिसतंय."

हे म्हणजे असं झालं की १०० वर पट्टा दिसतो पण वाचता येत नाही, १७५ वर वाचता येतं पण पट्टा नाही. मधले सगळे आकडे लावून बघितले, १२५ लाच पट्टा पळाला. नुसती अक्षरं मोठी करायची सोय ब्राउझरच्या सेटिंगमध्ये असते, तीही करून बघितली, तर ह्या साइटने अक्षरांची मापं अशी ठोकून बसवलेली की ती हललीच नाहीत. ज्याने हे डिझाइन केलं तो पंचविशीचा असणार आणि त्याची नजर उत्तम असणार, ह्याच्यावर मी पैज लावायला तयार आहे.

"त्या तीन रेघा दाबायच्या काका. त्यातच आहे सगळं."

"त्या? मला वाटलं ती नक्षी आहे." मग जरा थांबून, "तीन रेघा म्हणजे मेनू, हे कोणी ठरवलं?"

हे मला माहीत होतं, ट्रेनमध्ये वाचलेलं. नॉर्म कॉक्स नावाच्या डिझायनरने झेरॉक्स कंपनीच्या स्टार नावाच्या कॉम्प्युटरसाठी ती खूण काढली, १९८१ साली.

"८१ ला मी नोकरीला लागलो," काका म्हणाले. "मला कोणी बोललं नाही."

वाटलं संपलं. पण नव्या रूपात अजून एक भानगड होती ती पेजवर गेल्यावर कळली. आधी पेजवर काही टाकलं तर ते मंडळाच्या नावाने जायचं आणि इतर ठिकाणी काका ते काका. आता मधे एक अदलाबदलीचं बटण आलंय, एकदा मंडळ झालात की परत स्वतः होईपर्यंत तुम्ही सगळीकडे मंडळच. ह्या आठवड्यात मोबाईलवरून चाचपडताना काका कधीतरी मंडळ झाले होते आणि परत काका झालेच नव्हते. त्यामुळे मंडळाने माझ्या चुलत वहिनीच्या फोटोखाली 'साडी छान, तब्येत सांभाळ' लिहिलेलं. मंडळ पुण्याच्या एका साखरपुड्याला 'नक्की येतो' म्हणालेलं. एका जुन्या सहकाऱ्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या बातमीला मंडळाने बदाम दिलेला. आणि त्या सहकाऱ्याने खाली हात जोडून 'बाप्पाची कृपा' असं उत्तरही दिलेलं, ते मी पुसायचं नाही असं ठरलं.

चहाला काकूही आली. काकांचा एव्हाना कार्यकर्ता जागा झालेला. "सह्यांची मोहीम घेऊ. चाळीतूनच शे-दीडशे होतील."

मी म्हटलं काका, स्नॅपचॅटने नवीन डिझाइन आणलं तेव्हा २०१८ मध्ये ऑनलाइन अर्जावर बारा लाखांच्या वर सह्या झाल्या होत्या.

"मग? केलं परत जुनं?"

"थोडंसं मागे आले."

"बघ!"

"आणि फेसबुकने २००६ मध्ये न्यूज फीड, म्हणजे कोणी काय केलं ते सगळ्या मित्रांना आपोआप दाखवणारी यादी, आणली तेव्हा पोरांनी तिच्या विरोधात ग्रुप काढले, लाखो लोक झाले, पण ते ग्रुप पसरले कशामुळे, तर त्याच न्यूज फीडमुळे." हे ऐकून काका इतके हसले की चहा बशीत सांडला. डिग नावाच्या, बातम्यांच्या लिंका शेअर करायच्या साइटचं सांगितलं, २०१० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी साइट बदलली आणि लोक वैतागून रेडिट नावाच्या तसल्याच दुसऱ्या साइटवर निघून गेले, पण काकांना डिगही माहीत नाही आणि रेडिटही, त्यामुळे तिथे मजा आली नाही. इन्स्टाग्रामचं मात्र पटलं. २०२२ च्या जुलैमध्ये त्यांनी फुल स्क्रीनचा प्रयोग आणला, बोंब झाली आणि त्यांनी तो मागे घेतला, पण बोंब मारणाऱ्यांत किम कार्दाशियन होती.

"ती कोण?"

"खूप फॉलोअर असलेली बाई."

काकांनी गंभीरपणे मान हलवली. "मग आपल्याकडून नगरसेवकाला बोलायला लावू."

काकू म्हणाली, ते ऑर्कुट बरं होतं, तिथे वहिनी कोणाच्या स्क्रॅपबुकात काय लिहिते ते नीट दिसायचं. ऑर्कुट २०१४ च्या ३० सप्टेंबरला बंद झालं. काकूचं मत अजून बदललेलं नाही.

मग निघताना मला साइटच्या तळाशी 'तुमचं मत कळवा' असा चौकोन सापडला आणि ही माझी कल्पना नव्हती, काकांनीच खुर्ची पुढे ओढली. बेस्टमध्ये इतकी वर्षं खात्याचा पत्रव्यवहार केलेला माणूस. टायपिंग एका बोटाने, पण भाषा अशी की मी उभी राहून वाचायला लागले. 'प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, संकेतस्थळ विभाग. विषय: डावीकडील उभा पट्टा पूर्ववत करून मिळणेबाबत तसेच ज्येष्ठ नागरिकांना अक्षरे मोठी करूनही तो दिसावा अशी तजवीज होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' आणि इथे चौकोन भरला. अक्षरांची मर्यादा संपली. मुद्दा यायचाच होता.

"दुसऱ्या पत्रात पुढचं," काका म्हणाले, आणि तेवढंच पाठवून दिलं. मग दुसरं सुरू केलं, 'संदर्भ: आमचे आजच्याच तारखेचे पत्र', त्यात निम्मा चौकोन गेला. मी चर्नी रोडला जिने चढत असताना ते तिसऱ्यावर होते.

रात्री फोन आला. मला वाटलं परत भिंत.

"अगं, पोचल्याचा मेसेज आलाय त्यांचा. धन्यवाद वगैरे."

"वा! मग झालं की."

"झालं काय? आवक नंबर कुठे दिलाय त्यात?"