‘व्हॉट्स गोइंग ऑन’ एकट्या मार्विन गेचा नव्हे

अमेरिकन गायक मार्विन गेच्या १९७१ सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या आल्बमची एक गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की ती तपासायच्या भानगडीत आता कुणी पडत नाही. गोष्ट अशी: प्रेमगीतं गाणाऱ्या मार्विनचा भाऊ व्हिएतनामहून परतला, त्याने पाहिलेलं ऐकून मार्विन हादरला, त्याने एकहाती युद्धविरोधी आल्बम रचला आणि राजकारणाचं वावडं असलेल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाशी भांडून तो बाजारात आणला. यातला भाऊ खरा, भांडणही खरं. बाकीच्या गोष्टीत बरीच गडबड आहे.

आधी ‘एकहाती’चं बघू. शीर्षकगीताची ठिणगी मार्विनची नाहीच. ती ‘फोर टॉप्स’ या गटातल्या रेनाल्डो ‘ओबी’ बेन्सनची. मे १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ‘पीपल्स पार्क’ या उद्यानावरून पेटलेल्या आंदोलनात पोलीस तरुण पोरांना झोडपताना त्याने पाहिले. त्या अस्वस्थतेतून त्याने गीतकार अल क्लीव्हलँडच्या साथीने गाणं रचायला घेतलं. त्याच्याच गटाला ते नको होतं. निषेधाची गाणी गाणारे आपण नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मग गाणं मार्विनकडे आलं, तर ते ‘ओरिजिनल्स’ या दुसऱ्या गटाला द्यावं असं त्याच्या मनात. तूच गा, म्हणून बेन्सनला त्याची मनधरणी करावी लागली. पुढे मार्विनने शब्दांत आणि चालीत स्वतःची भर घातली, आणि त्या भरीनेच गाणं गोष्ट सांगितल्यासारखं वाटू लागलं, हे बेन्सनलाही मान्य होतं.

आता नऊही गाण्यांचे गीतकार पाहा. एकट्या मार्विनच्या नावावर फक्त ‘मर्सी मर्सी मी’. उरलेल्या आठांत कुठे बेन्सन आणि क्लीव्हलँड, कुठे जेम्स निक्स, कुठे एल्जी स्टोव्हर, कुठे अर्ल डेरुएन; दोन गाण्यांवर मार्विनची पत्नी अ‍ॅना. (अ‍ॅना ही मोटाउनचे मालक बेरी गॉर्डी यांची सख्खी बहीण. एकांड्या बंडखोराच्या गोष्टीत ही सोयरीक बसत नाही, म्हणून गाळली जात असावी.)

आणि आल्बम कानाला जसा लागतो, तो कुणामुळे? मार्विनला सुचलेल्या चालींना वाद्यवृंदात बसवलं डेव्हिड व्हॅन डिपिटने. बेस गिटार जेम्स जेमरसनची; ती नुसती ठेका धरत नाही, गाण्याखालून दुसरं गाणं गात जाते. सुरुवातीची ती सुप्रसिद्ध सॅक्सोफोनची लकेर म्हणजे इलाय फाँटेन वाद्य गरम करत होता तो भाग. मार्विनचे एकमेकांत गुंतलेले दोन आवाज हाही अपघात: दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं ध्वनिमुद्रक केन सँड्सच्या हातून एकदम वाजली. ती तशीच ठेवायचं ठरवणारे कान मात्र मार्विनचे, आणि त्याचं मोठेपण मला इथे दिसतं. मोटाउनच्या वादकांची नावं आल्बमच्या वेष्टनावर पहिल्यांदा छापली गेली ती याच आल्बमवर. निदान ती वाचावीत.

‘युद्धविरोधी आल्बम’ हे लेबलही तोकडं आहे. भाऊ फ्रँकीच्या अनुभवातून आलेलं गाणं म्हणजे ‘व्हॉट्स हॅपनिंग ब्रदर’. पण त्यातला परतलेला सैनिक रणांगणाबद्दल फारसं बोलतच नाही. नोकरी मिळत नाही, पैसा चणचणीचा झालाय, गावात काय चाललंय ते सांग, असं तो विचारतो. पुढे हेरॉइनचं व्यसन येतं, मुलांची काळजी येते, समुद्रातलं तेल आणि माशांतला पारा येतो. दोन गाणी सरळसरळ देवाची आहेत. मार्विनचे वडील धर्मोपदेशक होते. शेवटच्या ‘इनर सिटी ब्लूज’मध्ये तर कर, महागाई आणि गरिबांना सोडून चंद्रावर उडणारी यानं. तिथली तक्रार महिनाअखेरीच्या हिशोबाची आहे, आणि मला तेच गाणं सगळ्यांत जहाल वाटतं.

मोटाउनला राजकारणाचं वावडं होतं, हे तर नोंदींपुढे टिकतच नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांचं १९६३ चं डेट्रॉइटमधलं भाषण याच कंपनीने तबकडीवर आणलं. १९७० मध्ये ‘ब्लॅक फोरम’ हे वेगळं लेबल काढून किंग यांचं व्हिएतनाम युद्धाविरुद्धचं भाषण प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी गायक एडविन स्टारचं ‘वॉर’ हे युद्धविरोधी गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेही मोटाउनचंच.

मग गॉर्डी मार्विनला का अडवत होते? उत्तर ‘वॉर’मध्येच आहे. ते गाणं आधी मोटाउनच्याच ‘टेम्पटेशन्स’ या लोकप्रिय गटाने गायलं होतं. एका गाण्याची स्वतंत्र (सिंगल) तबकडी काढायची वेळ आली तेव्हा कंपनीने ते तुलनेने कमी नावाच्या एडविन स्टारकडून पुन्हा गाऊन घेतलं, कारण टेम्पटेशन्सचा श्रोतावर्ग दुखावणं परवडणारं नव्हतं. मार्विन हा तर कंपनीचा लाडका प्रेमगायक. म्हणजे विषयाची भीती नव्हती, चलनी नाणं खोटं ठरण्याची होती. जानेवारी १९७१ मध्ये विक्री विभागाने गॉर्डींना न विचारता ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या शीर्षकगीताची तबकडी काढली आणि ती पॉप यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. गॉर्डींचा विरोध तिथेच मावळला. त्यांना पूर्ण आल्बम हवा होता, तोही लगोलग. बरीचशी उरलेली गाणी मार्चमध्ये झपाट्याने ध्वनिमुद्रित झाली आणि २१ मेला आल्बम दुकानांत आला.