तीन फुटांचा नकाशा

ज्या खेळात कोणाच्या नजरेत न भरणे हेच निम्मे कौशल्य, त्या खेळासाठी तीन फूट लांबीचा नकाशा छापून घ्यावा, ही कल्पना मुळात माझ्या भाचीची. ती पुण्याला शिकते, सुट्टीत आमच्याकडे पणजीला येते आणि येताना एखादा नवा छंद घेऊन येते. गेल्या खेपेला तिने जिओकॅशिंग आणले. कोणीतरी एक डबी कुठेतरी लपवून तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करायचे, आणि इतरांनी उपग्रहांच्या मदतीने ती हुडकून, आतल्या वहीत नाव-तारीख लिहून, डबी होती तशी परत ठेवायची, एवढाच हा खेळ. अमेरिकेने जीपीएसच्या संदेशांत मुद्दाम मिसळलेली अशुद्धता २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ऑरेगॉन राज्यातल्या रानात एक बादली लपवली, तेव्हापासून तो सुरू झाला. त्या बादलीत इतर चिजांबरोबर बीन्सचा एक डबाही होता. शोधणाऱ्याच्या पोटाची काळजी वाहणारा हा पहिला आणि बहुधा शेवटचा माणूस.

आमचा बेत मांडवी नदीतल्या दिवाडी बेटाचा होता. तिथे खाजन शेतीतून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांतून, बांधांवरून चालावे लागते, आणि कोणता बांध पलीकडे पोहोचतो व कोणता मानशीपाशी, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारापाशी, संपून आपल्याला गुडघाभर चिखलासमोर उभे करतो, हे फोनच्या पडद्यावर, तेही भर उन्हात, कळत नाही. जवळ जावे तर आजूबाजूचे दिसत नाही, लांबून पाहावे तर बांधच नाहीसा होतो. सबंध बेट एका दृष्टिक्षेपात आणि तरीही प्रत्येक पायवाट ठळक, असे हवे असेल तर कागदाला पर्याय नाही, असे भाचीने जाहीर केले आणि तो कागद तयार करण्याचे काम, तिच्याकडे प्रिंटर नसल्यामुळे, मामाकडे आले.

नकाशा मोठा करणे याचा अर्थ, चारचौघांप्रमाणे मीही, चित्र ताणणे असाच घेत होतो. पडद्यावरच्या नकाशाचे चित्र काढावे आणि ते पसरून मोठ्या कागदावर छापावे. ते छापले आणि पाहिले, तर रस्ते बोटाएवढे जाड झाले होते, गावांची नावे फुगून कडांना विरघळली होती आणि बांध पूर्वी जितके दिसत नव्हते तितकेच आताही दिसत नव्हते. सोलकढीत पाणी ओतले म्हणजे पाहुण्यांना पुरते, पण आमसुले काही वाढत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपसारखा नकाशा पडद्यासाठी पायऱ्यापायऱ्यांनी रेखाटलेला असतो, आणि लहान पायवाटा खालच्या, म्हणजे सर्वांत जवळून दाखवणाऱ्या, पायरीवरच उगवतात. म्हणून आधी खाली उतरून त्या पायरीवरचे तुकडे गोळा करावे लागतात. बरे, ते गोळा करून दाट छापावेत, तर पायवाटा येतात, पण पडद्यासाठी बेतलेली अक्षरे मुंगीच्या पायांएवढी होतात. तेव्हा चित्राचा नाद सोडून मूळ माहितीतूनच, हव्या त्या प्रमाणात आणि हव्या त्या अक्षरांत, नकाशा नव्याने रेखाटून घेणे हाच खरा मार्ग. त्यासाठी क्यूजीआयएस नावाची फुकट प्रणाली मिळते. ती फुकट का आहे, हे ती उघडल्यावर अर्ध्या तासात कळते.

या प्रणालीला अक्षांश-रेखांश भरवणे हाही एक संस्कार आहे. जिओकॅशिंगवाले अंश, मिनिटे आणि मिनिटांचे दशांश लिहितात. तिसऱ्या दशांशातला एक आकडा म्हणजे जमिनीवर जेमतेम पावणेदोन-दोन मीटर, त्यामुळे पद्धत तशी नेटकी आहे. संगणकाला मात्र अंशांचे दशांश हवे असतात. १५ अंश ३१.५ मिनिटे म्हणजे १५.५२५, ते भाचीने घाईत १५.३१५ लिहिले, ७३ अंश ५४ मिनिटांचे ७३.५४ केले, आणि दिवाडीची डबी किनाऱ्यापासून कितीतरी दूर, अरबी समुद्रात जाऊन पडली. प्रणालीने चकार शब्द काढला नाही. तिच्या लेखी समुद्र हाही भूभागच.

प्रमाण आम्ही एकास दहा हजार ठरवले, म्हणजे एक किलोमीटरला दहा सेंटिमीटर. अशा प्रमाणात एका ए-फोर कागदावर साधारण दोन बाय तीन किलोमीटर मावतात, म्हणून ओल्ड गोव्याच्या धक्क्यापासून पलीकडच्या नार्व्यापर्यंत सगळे घ्यायचे तर नऊ कागद जोडणे आले. आता घरगुती प्रिंटरला कागदाच्या कडेपर्यंत छापणे जन्मात जमत नाही. तो चारी बाजूंना पांढरी पट्टी सोडतो, आणि पट्टीत जाईल तो मजकूर गिळतो. आमच्या पहिल्या जोडणीत बेटावरच्या पिएदाद गावाच्या चर्चची टेकडी अशी गिळली गेली, आणि नकाशा ज्यांच्या मेहनतीचा त्या ओपनस्ट्रीटमॅपच्या स्वयंसेवकांचा उल्लेखही, जो छापणे बंधनकारक आहे, नेमका तोच गेला. म्हणून शेजारच्या कागदांवर थोडा भाग दोनदा छापून तो एकमेकांवर चढवायचा असतो. त्यात 'फिट टू पेज' ही खूण अंगावर येते. ती राहिली की प्रिंटर प्रत्येक कागद कळेल न कळेल इतका आखडतो, दहा सेंटिमीटरचे साडेनऊ होतात आणि तोंडाने मात्र तो एकास दहा हजारच सांगत राहतो. सुज्ञांनी प्रमाणाचा आकडा न छापता प्रमाणपट्टी छापावी. नकाशा आखडला तर ती बिचारी त्याच्याबरोबर आखडते.

हॉलमध्ये नऊ कागद मांडून, पंखा बंद करून, घामाघूम अवस्थेत मी आणि भाची डिंकाने मांडवी नदी जुळवीत बसलो. नदी जुळली की रस्ता अर्धा सेंटिमीटर सरकायचा, रस्ता जुळला की फेरीबोट जमिनीवरून निघायची. तेवढ्यात बहिणीने येऊन "किती उकडतेय!" असे म्हणत पंख्याचे बटण दाबले, आणि दिवाडी बेट सोफ्याखाली गेले.

त्यानंतर आम्ही निमूटपणे शहरातले प्लॉटर, म्हणजे मोठमोठे कागद छापणारे यंत्र, असलेले दुकान गाठले. तिथे ए-झिरो कागद, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, अखंड छापून मिळतो, आणि आमचे तीन फूट त्यात सहज बसत होते. दुकानात पुढे-मागे सगळे बांधकामाचे आराखडे घेऊन आलेले. दुकानदाराने आमची फाइल उघडली, मान वर न करता "सर्व्हे नंबर?" असे विचारले, आणि नंबर नाही म्हटल्यावर मात्र मान वर करून माझ्याकडे नीट पाहिले. मी खेळाचे सांगितले. तो हसला, असली उत्तरे त्याने पूर्वीही ऐकली असावीत.

त्या हसण्याचा अर्थ फेरीबोटीत उलगडला. वारा लागू नये म्हणून आम्ही दोघांनी चारी कोपरे धरून नकाशा उघडला आणि क्षणार्धात आमच्याभोवती स्कूटर सोडून आलेल्या लोकांचे कडे झाले. गोव्यात फोनवर तासन् तास नकाशा पाहणारा माणूस पर्यटक ठरतो, कागदावर पाहणारा मात्र जमिनीच्या व्यवहारातला. यात लोकांचा दोष नाही. कुठे शेती राहील आणि कुठे बांधकाम होईल हे ठरवणारा, २०११ सालापर्यंतचा म्हणून केलेला प्रादेशिक आराखडा लोकक्षोभामुळे २००७ साली रद्द करावा लागला, तेव्हापासून कागदावर हिरवा रंग कुठे संपतो आणि पिवळा कुठे लागतो हे इथे शाळकरी पोरालाही वाचता येते. एकाने पूल कुठून जाणार ते विचारले. दुसऱ्याने ठिपके कसले म्हणून विचारले, आणि तिथे डब्या आहेत असे भाचीने प्रांजळपणे सांगितल्यावर तो, "म्हणजे खुणेचे दगड," असे म्हणून गंभीर झाला.

बेटावर पोहोचून बांधाकडे वळतो न वळतो, तोच एका घराच्या बाल्कांवावरून, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावरून, आवाज आला, "सर्वे करपाक आयल्यात?" एक वयस्क बाई हातातले काम टाकून खाली आल्या. चष्मा लावून त्यांनी नकाशा आमच्या हातांतून जवळजवळ काढूनच घेतला, कुंपणाच्या भिंतीवर पसरला, आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, वाचावा तसा बोट ठेवून वाचला. रस्ता सापडला, क्रूस सापडला, वळण सापडले. वळणावर घर मात्र नव्हते. हा नकाशा स्वयंसेवक भरतात, राहून गेले असेल, अशी सारवासारव मी सुरू केली, आणि भाचीने तर घर आत्ताच्या आत्ता नकाशात घालून देते म्हणून फोनही काढला. बाईंनी तिचा हात धरला. नको, म्हणाल्या, आहे तेच बरे आहे. मग बोट जरासे पुढे सरकवून त्यांनी शेजाऱ्यांचे घर नकाशात आहे ना, याची दोनदा खात्री करून घेतली, आणि ते आहे म्हटल्यावर आम्हांला आत बोलावून चहा दिला.