मॉडेल तेच, आतला माल वेगळा

राउटरच्या खोक्यावर मॉडेलचं नाव ठळक, आणि हार्डवेअरची आवृत्ती तळाच्या स्टिकरवर मुंगीएवढ्या अक्षरांत. का? ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरमध्ये टाकता येणारी, लिनक्सवर आधारित मोफत प्रणाली) टाकायचं तर सगळं त्या 'व्ही२', 'व्ही४'वरच अवलंबून असतं! आवृत्ती बदलली की चिपसेट बदलू शकतो, फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची मेमरी) बदलू शकते. भलतीच फाइल चढवली की राउटर ब्रिक, म्हणजे विटेसारखा निकामी. ऑनलाइन विकणारे आवृत्ती लिहीतच नाहीत. दुकानदाराला विचारा, "सगळे सेमच असतात हो!" आणि सील फोडून बघू देणार नाही.

हा खेळ जुनाच. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमधून पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त ऑपरेटिंग सिस्टिम बसवली, फ्लॅश ४ एमबीची २ केली, रॅम १६ची ८. नाव मात्र तेच! लिनक्स हवं असणाऱ्यांसाठी मग डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळा विकायला काढला.

आणि ब्रॉडबँडवाल्याने घरी आणून बसवलेला डबा? त्याचा ॲडमिन पासवर्डसुद्धा देत नाहीत. साधा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलायचा तरी कस्टमर केअरला फोन लावा, आणि पलीकडचा म्हणणार, "सर, एकदा रीस्टार्ट करून बघा." अरे, रीस्टार्टचा इथे संबंध काय?