अडीच वर्षांचा लेखाजोखा मांडताना घ्यावयाची काळजी

१३ डिसेंबर २०२३ रोजी भोपाळमध्ये शपथ घेतलेल्या मध्य प्रदेशातल्या भाजप सरकारला २०२६च्या जूनमध्ये अडीच वर्षे भरतात, आणि अशा मुहूर्तावर इंदूरमधल्या एखाद्या तरी मराठी मंडळाला परिसंवाद भरवावासा वाटतोच. त्यात सरकारची बाजू मांडणारा वक्ता मिळणे कठीण जाते. सरकारचे समर्थक कमी आहेत असे नव्हे. ते पुष्कळ आहेत, परंतु आपल्याला बोलावे लागेल अशी शंका येताच त्यांना बाहेरगावची लग्ने आठवतात. तेव्हा ही जबाबदारी तुमच्यावर येऊन पडण्याची शक्यता गृहीत धरून चार गोष्टी आधीच सांगून ठेवतो. तुम्ही रामबागेत राहता की सुदामानगरात, बँकेतून निवृत्त झालात की शाळेतून, याने काही अडत नाही. आकडे मात्र खरेच सांगायचे. खोट्या आकड्यांची गरज नवशिक्यांना पडते. सरकारचे समर्थन खऱ्या आकड्यांनीच उत्तम होते. फक्त मोजायला कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या हातून जाऊ देऊ नये.

प्रारंभ उत्पन्नापासून करावा. राज्याच्या आर्थिक सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशातले दरडोई उत्पन्न २०११-१२ मध्ये ३८,४९७ रुपये होते आणि २०२४-२५ मध्ये ते १,५२,६१५ रुपये झाले, म्हणजे जवळजवळ चौपट. हे वाक्य सावकाश उच्चारावे आणि ‘चौपट’ या शब्दानंतर पाण्याचा घोट घ्यावा. त्याच सर्वेक्षणात त्याच वर्षाचे स्थिर किमतींनुसार, म्हणजे भाववाढ वगळून, काढलेले उत्पन्न ७०,४३४ रुपये दिलेले आहे, म्हणजे तेरा वर्षांत दुप्पटही नाही; पण तो आकडा ज्या तक्त्यात आहे तिथपर्यंत कोणी जात नाही. राज्याच्या एकूण उत्पन्नाचेही तसेच. चालू किमतींनी पाहिले तर त्या वर्षीची वाढ ११.०५ टक्के, स्थिर किमतींनी ६.०५ टक्के. या दोहोंमधले पाच टक्के कोणी पिकवलेले नाहीत की कोणत्या कारखान्यात घडवलेले नाहीत. ते केवळ भाव वाढल्यामुळे जमेला आले आहेत. महागाई ही सरकारच्या विरोधातली गोष्ट आहे असा जो समज पसरलेला आहे, तो किती अन्यायकारक आहे हे यावरून ध्यानात यावे. डाळ महागली की गृहिणीचे अंदाजपत्रक कोसळते हे खरे, परंतु राज्याचे उत्पन्न त्याच क्षणी वर जाते, आणि व्यासपीठावरून बोलताना आपण गृहिणीच्या बाजूने बसलेलो नसतो. राष्ट्रीय सरासरी दोन लाखांच्या वर आहे, असे पुढच्या रांगेतून कोणी म्हणालेच, तर तुलना स्वतःशीच करावी असे संतवचन असल्याचा भास होईल अशा सुरात उत्तर द्यावे.

यानंतर साधारणपणे मागच्या सरकारवर खापर फोडण्याचा क्रम येतो. इतर राज्यांतले वक्ते या बाबतीत फार सुखी आहेत. आपल्याकडे मात्र मागचे सरकारही याच पक्षाचे, त्याच्या मागचेही बहुतांशी याच पक्षाचे, आणि २००३च्या डिसेंबरपासून मधले काँग्रेसचे पंधरा महिने वगळले तर सगळीच वर्षे घरचीच निघतात. म्हणून खड्डे आणि अंधार यांचा विषय निघाला की थेट काँग्रेसच्या १९९३ ते २००३ या दशकात जावे. त्या काळात वीज नसायची, रस्ते नसायचे, हे सभागृहातल्या साठीपुढच्या प्रत्येकाला आठवते आणि आठवणीत माणूस रमतो. २००३ साली जन्मलेले मूल आता मतदान करून नोकरी शोधते आहे, ही गोष्ट आपण होऊन काढू नये. राहिले ते पंधरा महिने, म्हणजे डिसेंबर २०१८ ते मार्च २०२०. ते जपून वापरावेत. एवढ्या लहान कालखंडात एवढे मोठे नुकसान मावत नाही अशी शंका कोणाला येऊ शकते. तथापि योग्य जागी ठेवले तर ते पुष्कळ काम देतात, आणि ती जागा पुढे येईल.

गुंतवणुकीच्या प्रकरणात तर आपल्या शहराला मानाचे स्थान आहे. जानेवारी २०२३ मध्ये इंदूरला झालेल्या जागतिक गुंतवणूकदार परिषदेत १५ लाख ४२ हजार कोटींचे प्रस्ताव आले आणि २९ लाख रोजगार मिळतील असे जाहीर झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भोपाळच्या परिषदेत हा आकडा ३० लाख कोटींच्या घरात गेला. राज्याचे संपूर्ण वार्षिक उत्पन्न तेव्हा १५ लाख कोटींच्या आसपास होते, म्हणजे राज्यातली सगळी शेते, गिरण्या, दुकाने आणि कचेऱ्या मिळून दोन वर्षांत जेवढे निर्माण करतात, तेवढ्याचे कागद एका परिषदेच्या निमित्ताने स्वाक्षऱ्यांसह गोळा झाले. इथे क्रियापदाकडे लक्ष असू द्यावे. गुंतवणूक ‘झाली’ म्हणू नये आणि ‘होईल’ असेही म्हणू नये. ‘प्रस्ताव प्राप्त झाले’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण प्रस्ताव खरोखरच प्राप्त झालेले असतात.

रोजगाराबद्दल फारसे बोलू नये. बोलावेच लागले तर रोजगाराच्या सर्वेक्षणाची व्याख्या पाठ करून जावी: संदर्भाच्या आठवड्यात ज्याने एखाद्या दिवशी एक तास जरी काम केले, तो त्या आठवड्यापुरता रोजगारात धरला जातो, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणाराही त्यातच मोजला जातो. भंवरकुआँच्या एखाद्या खोलीत चौघांबरोबर राहून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारा मुलगा रविवारी काकांच्या नमकीनच्या दुकानात तासभर बसला, की त्या आठवड्यातली बेरोजगारी तेवढ्याने कमी झाली. हीच मुले डिसेंबर २०२४ च्या थंडीत आयोगाच्या इमारतीसमोर रात्रंदिवस बसली होती. आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्यामुळे तेरा टक्के पदांचे निकाल वर्षानुवर्षे अडकलेले आहेत, हे त्यांच्या गाऱ्हाण्यांपैकी एक होते. सरकारने त्यांची दखल घेतलेली आहे. रोजगार पोर्टलवर नोंदलेल्यांना आता बेरोजगार म्हणत नाहीत, आकांक्षी युवा म्हणतात.

आता लाडली बहना, म्हणजे महिलांच्या खात्यात दरमहा रक्कम टाकणारी राज्याची योजना. हा तुमच्या भाषणाचा गाभा, आणि इथे घाई करू नये. जून २०२३ मध्ये दरमहा एक हजार रुपयांपासून ही योजना सुरू झाली, त्याच वर्षी रक्कम साडेबाराशे झाली, नोव्हेंबर २०२५ पासून दीड हजार झाली, आणि २०२८ पर्यंत ती तीन हजारांवर नेण्याचे आश्वासन आहे. २०२८ हे वर्ष निवडणुकीचे आहे हा योगायोग श्रोत्यांना आपोआप कळतो, तो सांगू नये. या पैशाने घराघरांत काय झाले याची चेष्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या बाईच्या हातात आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावाचा पैसा आला, तिला अर्थशास्त्र शिकवायला जाणारा माणूस मला बावळट वाटतो. महाराष्ट्रानेही वर्षभरात या योजनेचे अनुकरण केले, तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांपुढे या एका बाबतीत तरी मान ताठ ठेवता येते. वक्ता म्हणून तुम्ही एवढेच पाहायचे की हा पैसा भावाने बहिणीला दिलेली ओवाळणी आहे हा सूर कुठेही ढळता कामा नये. रक्षाबंधनाला अडीचशे रुपये शकुन म्हणून वेगळे दिले जातात ते याचसाठी. सव्वा कोटी बहिणी आणि प्रत्येकी दीड हजार, म्हणजे महिन्याला १,८७५ कोटी, वर्षाला साडेबावीस हजार कोटी, असा गुणाकार मनातल्या मनात करणारा एखादा निवृत्त लेखापाल सभागृहात असतोच. त्याच्याकडे पाहू नये. बहीण साठ वर्षांची झाली की तिचे नाव यादीतून निघते, म्हणजे नेमके जेव्हा औषधांचा खर्च सुरू होतो तेव्हा भाऊ ओवाळणी थांबवतो, हेही कोणी बोलेल. त्यावर नियम म्हणजे नियम असे म्हणून पुढे जावे.

हा पैसा येतो कुठून, या प्रश्नाला सामोरे जाताना एक युक्ती उपयोगी पडते, आणि ती मला एका अनुभवी गृहस्थांकडे पाहून उमगली: कर्ज नेहमी टक्क्यांत सांगावे आणि मदत नेहमी रुपयांत सांगावी. राज्याचे कर्ज चार लाख कोटींच्या पुढे गेले आहे, म्हणजे ४ लाख २१ हजार कोटींच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पाशी ते जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे आहे, असे म्हटले की सभागृहात चुळबुळ सुरू होते. तेच कर्ज राज्याच्या उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या आत आहे असे म्हटले की लोक माना डोलावतात. शिवाय भागाकारातले ते उत्पन्न चालू किमतींचे असते, म्हणजे भाववाढ इथेही निमूटपणे आपल्याच बाजूने राबत असते. मंगळवारी रिझर्व्ह बँकेकडे राज्याच्या कर्जरोख्यांचा लिलाव आणि महिन्याच्या मध्यावर बहिणींच्या खात्यात रक्कम, या दोन बातम्या वर्तमानपत्रे वेगवेगळ्या पानांवर छापतात. तुम्हीही त्या वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवाव्यात.

आरोग्याचे आकडे निवडताना मात्र खरे कसब लागते, आणि राखून ठेवलेले ते पंधरा महिने इथे बाहेर काढावेत. २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांच्या दरम्यान राज्यात वाढ खुंटलेल्या बालकांचे प्रमाण ४२ टक्क्यांवरून ३५.७ टक्क्यांवर आले. हे आपल्या दूरदृष्टीचे फळ. त्याच दोन सर्वेक्षणांच्या दरम्यान रक्तक्षय झालेल्या बालकांचे प्रमाण ६८.९ वरून ७२.७ टक्के झाले. हा त्या पंधरा महिन्यांचा दोष. बालमृत्युदर २०२० मध्ये हजारी ४३ होता, २०२३ मध्ये ३७ झाला. एवढेच सांगून थांबावे, कारण देशाचा दर २५ आहे हे सांगितले की आधीचे सगळे वाया जाते. बहुआयामी गरिबी ३६.५७ टक्क्यांवरून २०.६३ टक्क्यांवर आली, हा नीती आयोगाचा आकडा तर अवश्य घ्यावा. त्याच्या बारा निकषांत बँकेत खाते असणे हाही एक निकष आहे, आणि त्या खात्यात किती शिल्लक आहे असे आयोग विचारीत नाही. तुम्हीही विचारू नये.

श्रोते इंदूरचे असल्यामुळे शहराबद्दल बोलणे आलेच. बसगाड्यांसाठी राखून ठेवलेला बीआरटीएसचा मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला ती एक उपलब्धी होती, आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर तो उखडायला घेतला ही दुसरी उपलब्धी आहे. मेट्रो ३१ मे २०२५ रोजी सुरू झाली. तिची पहिली सहा किलोमीटर ज्या सुपर कॉरिडॉरवर आहेत तिथे वस्ती विरळ आहे, त्यामुळे बसायला जागा मिळत नाही ही तक्रार अजून कोणी केलेली नाही. हुकुमचंद मिल ही कापडगिरणी डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांची सुमारे २२४ कोटींची थकबाकी २५ डिसेंबर २०२३ रोजी वाटली गेली, म्हणजे सरकार अवघे बारा दिवसांचे असताना. मधली बत्तीस वर्षे ही इतरांची, तो एक दिवस आपला. अनेक ठिकाणी पैसे घ्यायला कामगार उरलेला नव्हता, वारस आले. पण कार्यक्रम नीट पार पडला.

स्वच्छतेत आपण २०१७ पासून पहिले आहोत आणि २०२१ मध्ये ‘वॉटर प्लस’, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय न सोडणारे, ठरलेले देशातले पहिले शहरही आपणच. हे सांगताना आपल्याच शहरातल्या भागीरथपुरा वस्तीचे नाव निघेल. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस तिथे नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, ते पिऊन माणसे दगावली, आणि गढूळ, वास येणाऱ्या पाण्याबद्दल लोक त्याआधीपासून तक्रारी करीत होते. किती गेले याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलत होता. सरकारच्या बाजूने काय बोलावे, हा सल्ला या ठिकाणी मला देता येत नाही. स्वच्छतेचे गुण रस्त्यावरच्या कचऱ्याला असतात, जमिनीखालच्या जलवाहिनीला कमी असतात, असे एखादे तांत्रिक वाक्य सुचते, पण ज्या घरातले तान्हे मूल गेले त्या घरातले कोणी सभागृहात बसले असेल तर ते वाक्य उच्चारायला लागणारा कोडगेपणा तुमच्यापाशी आहे की नाही, हे तुम्हालाच ठाऊक.

समारोपाला अहिल्याबाईंचे नाव घ्यावे, टाळ्या निश्चित पडतात. त्यांच्या तीनशेव्या जयंतीनिमित्त २० मे २०२५ रोजी अवघे मंत्रिमंडळ भोपाळहून येऊन राजवाड्यात बैठकीला बसले होते, याचा उल्लेख मराठी श्रोत्यांना विशेष सुखावतो. काशीपासून रामेश्वरापर्यंतची त्यांची मंदिरे, घाट, धर्मशाळा यांची यादी म्हणावी. मात्र हा दानधर्म त्या आपल्या खासगीतून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, करीत आणि दौलतीचा, म्हणजे राज्याच्या तिजोरीचा, हिशेब त्यापासून वेगळा ठेवीत, ही गोष्ट ओघात तोंडून निसटणार नाही एवढे पाहावे. ती निसटली, तर बहिणींच्या खात्यात येणारे दीड हजार रुपये भावाच्या खासगीतले आहेत की दौलतीतले, आणि दौलतीतले असतील तर फलकावर छायाचित्र कोणाचे लावले आहे, असे कोणीतरी उभे राहून विचारील. तेव्हा अहिल्याबाईंच्या बाबतीत घाटांपर्यंतच थांबावे.